बेनिनची पितळी शिल्पं कोणाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातलं बेनिन शहर घेतलं आणि राजवाड्यातल्या हजारो वस्तू उचलून नेल्या. त्या वस्तूंच्या मालकीचा वाद आजही चालू आहे. हे पान वाचताना एक भेद लक्षात ठेवावा: वस्तू ठेवली कुठे आहे हा एक प्रश्न, आणि ती कोणाच्या नावावर आहे हा दुसरा. बातम्यांमधला निम्मा घोळ या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे होतो.

‘बेनिन ब्राँझ’ म्हणजे नक्की काय?

हे बाजारात रूढ झालेलं नाव आहे. यातल्या बहुतेक धातूच्या वस्तू कांस्याच्या नाहीत, पितळेच्या आहेत. म्हणजे तांब्यात कथिलापेक्षा जस्त जास्त. शिवाय या नावाखाली कोरीव हस्तिदंत, लाकूडकाम आणि पोवळ्यांचे दागिनेही येतात. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या ‘डिजिटल बेनिन’ या सूचीत २० देशांतल्या १३१ संस्थांकडच्या ५,२४६ वस्तूंची नोंद होती. खासगी संग्रहातल्या वस्तू त्यात धरलेल्या नाहीत.

हे बेनिन म्हणजे बेनिन नावाचा देश का?

नाही. बेनिन राज्य एडो लोकांचं. त्याची राजधानी बेनिन सिटी आज नायजेरियाच्या एडो राज्यात आहे. शेजारच्या दाहोमी देशाने १९७५ मध्ये ‘बेनिन’ हे नाव घेतलं, तेव्हापासून गोंधळ सुरू आहे. फ्रान्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये परत केलेल्या २६ वस्तू या दुसऱ्या देशाच्या, म्हणजे दाहोमीची जुनी राजधानी अबोमे इथल्या राजवाड्यातल्या होत्या. त्या १८९२ च्या फ्रेंच स्वारीत नेलेल्या. दोन्ही प्रकरणं एकाच बातमीत मिसळलेली दिसतात; वाचताना आधी शहराचं नाव पाहावं.

ही शिल्पं ओतली कशी जात?

मेण वितळवून काढण्याच्या पद्धतीने. आपल्याकडे हिला मधूच्छिष्ट पद्धत म्हणतात. बस्तरचे ढोकरा कारागीर हीच वापरतात. बेनिनमध्ये हे काम इगुन एरोनम्वोन या वंशपरंपरागत ओतारी संघाकडे होतं, आणि संघ राजासाठी, म्हणजे ओबासाठी, काम करी. इगुन रस्त्यावर या घराण्यांच्या भट्ट्या आजही चालू आहेत.

आधी मातीचा गाभा करून पूर्ण वाळवतात. त्यावर मधमाश्यांच्या मेणाचा थर चढवतात. नाक, ओठ, पोवळ्यांच्या माळा, केसांच्या बटा हे सगळं मेणातच घडवतात. बारीक नक्षीसाठी मेणाच्या दोऱ्या वळून चिकटवतात. धातू आत जाण्यासाठी आणि हवा बाहेर पडण्यासाठी मेणाच्याच नळ्या जोडतात. मग पहिला लेप अगदी गाळीव, पातळ मातीचा देतात, कारण मेणावरची प्रत्येक रेघ हाच लेप उचलतो. त्यावर जाड मातीचे थर, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा. शेवटी साचा तापवून मेण ओतून काढतात आणि साचा गरम असतानाच वितळलेलं पितळ भरतात.

पितळ ९०० ते ९४० अंशांच्या आसपास वितळतं. ओतताना ते त्याहून बरंच तापलेलं असावं लागतं, नाहीतर पातळ भागात पोचण्याआधीच थिजतं. किती धातू लागेल याचा हिशेब मेणाच्या वजनावरून करतात: पितळेची घनता मेणाच्या जवळजवळ नऊ पट, म्हणून एक किलो मेणाला नऊ किलो पितळ आणि नळ्यांसाठी वरकड.

बिघडतं ते बहुतेक वेळा ओलाव्यामुळे. साच्यात पाणी राहिलं तर वाफ धातूला उसळवते. शिल्पात भोकं पडतात, कधी साचाच फुटतो. गाभा खिळ्यांनी बाहेरच्या साच्याला धरून ठेवला नसेल तर मेण निघाल्यावर तो सरकतो, मग एक बाजू जाड आणि दुसरी कागदासारखी होते. हवेची वाट कमी ठेवली तर कान, बोटं अर्धवट भरतात. जुन्या शिल्पांवर अशा जागी नंतर धातू ओतून केलेली डागडुजी दिसते. साचा फोडूनच शिल्प बाहेर निघतं, त्यामुळे एका साच्यातून दोन शिल्पं होत नाहीत. ‘जादा प्रत आहे’ हा युक्तिवाद पुढे येतो, तेव्हा हे आठवावं.

इतकं पितळ आलं कुठून?

पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून पोर्तुगीज जहाजं पितळी कडी घेऊन येत. ‘मॅनिला’ नावाची, घोड्याच्या नालेसारखी ही कडी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर चलन म्हणून चालत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक अभ्यासात बुडालेल्या जहाजांतली जुनी कडी आणि बेनिनची शिल्पं यांच्या शिशाची तुलना झाली आणि धातूचा माग जर्मनीतल्या ऱ्हाइनलँडपर्यंत लागला. ही कडी मिरी, हस्तिदंत, कापड आणि गुलाम यांच्या बदल्यात दिली जात. त्यामुळे या पितळेत युद्धकैद्यांच्या विक्रीचा हिस्सा आहे, आणि त्यातूनच एक वेगळा दावा उभा राहिला आहे. तो पुढे येतो.

राजवाड्यात या वस्तूंचं काम काय होतं?

संग्रहालयातल्या काचेच्या पेटीत पाहिलं की हे प्रदर्शनासाठीच घडवलं असावं असं वाटतं. तसं नव्हतं.

पितळी मस्तकं पूर्वजांच्या वेदीवर ठेवली जात. नवा ओबा गादीवर आला की दिवंगत ओबासाठी वेदी उभारणं हे त्याचं कर्तव्य. मस्तकाच्या टाळूवर जे भोक दिसतं त्यात कोरीव हस्तिदंत उभा करत. दंतावर राजघराण्याच्या आठवणी कोरलेल्या असत. वेदीवर घंटा, दंडही असत. म्हणजे लंडनमध्ये मस्तक, बर्लिनमध्ये दंत आणि घंटा कोणाच्या दिवाणखान्यात असेल, तर ती नुसती वाटणी झाली नाही, वेदीच मोडली.

आयताकृती फलकांची गोष्ट वेगळी. सोळाव्या-सतराव्या शतकात ते राजवाड्याच्या लाकडी खांबांवर खिळ्यांनी ठोकलेले असत. कडेची खिळ्यांची भोकं अजून दिसतात. सतराव्या शतकातल्या एका डच वर्णनात असे मढवलेले खांब आहेत. १८९७ मध्ये मात्र ते उतरवून ठेवलेले सापडले. फलकांवर दरबार आहे: मध्ये मोठा ओबा, बाजूला हुद्द्याप्रमाणे लहान होत जाणारे सरदार, लांब केसांचे दाढीवाले पोर्तुगीज, मडफिश नावाचा मासा, बिबळ्या. पार्श्वभूमीवरची चार पाकळ्यांची पानं जलदेवता ओलोकुनशी जोडलेली आहेत. बेनिनमध्ये लिहिलेली बखर नव्हती. कोणता ओबा, कोणती लढाई, कोणाला कोणता मान, हे फलकांवर आणि दंतांवर होतं. ते कोणत्या क्रमाने लावले होते, हे उचलताना कोणी टिपून ठेवलं नाही. फलक परत आले तरी तो क्रम परत येत नाही. आमच्या मते या लुटीतलं सर्वांत मोठं नुकसान हेच, आणि त्याची चर्चा सगळ्यांत कमी होते.

सर्वांत ओळखीचा चेहरा इयोबा, म्हणजे राजमाता, इडियाचा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा ओबा एसिगी याची ही आई. राजमातेचं पद तिच्यापासून सुरू झालं. तिचे हस्तिदंती मुखवटे राजविधीत अंगावर धारण केले जात. एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये. १९७७ मध्ये लागोसला भरलेल्या ‘फेस्टॅक’ या आफ्रिकी कलामहोत्सवाचं बोधचिन्ह हाच मुखवटा होता. नायजेरियाने तो उसना मागितला. नाजूक आहे म्हणून ब्रिटिश म्युझियमने नकार दिला. शेवटी बेनिनच्या कारागिराने केलेली प्रतिकृती वापरावी लागली.

१८९७ मध्ये नेमकं काय घडलं?

पामतेल आणि रबराच्या व्यापारावर ओबा ओवोनरामवेनचं नियंत्रण होतं, आणि ते ब्रिटिश व्यापाऱ्यांना खुपत होतं. प्रभारी महावाणिज्यदूत जेम्स फिलिप्स याने नोव्हेंबर १८९६ मध्ये लंडनला पत्र लिहून ओबाला पदच्युत करण्याची परवानगी मागितली. राजवाड्यात मोहिमेचा खर्च भागेल इतका हस्तिदंत मिळेल अशी आशा त्याने त्याच पत्रात व्यक्त केली होती. मंजुरीची वाट न पाहता जानेवारीत तो निघाला. इग्वे हा राजविधीचा काळ होता, आणि आत्ता येऊ नका असा निरोप त्याला मिळाला होता. वाटेत हल्ला झाला. नऊपैकी सात गोरे आणि मोठ्या संख्येने आफ्रिकी हमाल मारले गेले. त्या हमालांची नावं ब्रिटिश बातम्यांत शोधूनही सापडत नाहीत.

सहा आठवड्यांत रिअर अॅडमिरल हॅरी रॉसनच्या हाताखाली सुमारे १,२०० जणांची फौज चालून गेली. १८ फेब्रुवारीला शहर पडलं, तीन दिवसांनी आगीत मोठा भाग जळाला. ओबाला कलाबारला हद्दपार केलं. १९१४ मध्ये तो तिथेच वारला. त्याच वर्षी त्याचा मुलगा एवेका दुसरा गादीवर बसला. घराणं तुटलं नाही, ही बाब हक्काच्या चर्चेत महत्त्वाची.

म्हणून ब्रिटिशांनी या स्वारीला दिलेलं ‘दंडात्मक मोहीम’ हे नाव जपून वापरावं. फिलिप्सचं पत्र हल्ल्याच्या आधीचं आहे.

संग्रहालयांनी तर या वस्तू पैसे देऊन घेतल्या. मग लूट कशी?

विकणाऱ्याकडेच मालकी नसेल तर पावतीने ती तयार होत नाही, असा दावा करणाऱ्यांचा मुद्दा आहे. साखळी अशी होती: काही माल सरकारी लूट म्हणून लंडनला गेला आणि मोहिमेच्या खर्चापोटी विकला गेला, काही अधिकाऱ्यांनी आपापसांत वाटून घेतला. सप्टेंबर १८९७ मध्येच ब्रिटिश म्युझियममध्ये ३०४ फलकांचं प्रदर्शन भरलं. त्यातले सुमारे २०० तिथेच राहिले, बाकीचे विकले गेले. बर्लिनच्या संग्रहालयाच्या फेलिक्स फॉन लुशानने जर्मनीसाठी धडाक्याने खरेदी केली. रॉसनने राणी व्हिक्टोरियाला दिलेली हस्तिदंती बिबळ्यांची जोडी राजसंग्रहात आहे.

उलटा प्रवासही झाला. १९५० ते १९७२ दरम्यान ब्रिटिश म्युझियमने तीसहून जास्त वस्तू ‘जादा प्रती’ म्हणून विकल्या किंवा बदल्यात दिल्या, आणि त्यातल्या काही नायजेरियाने विकत घेतल्या. स्वतःच्याच वस्तू पैसे मोजून.

कायदा कोणाच्या बाजूने आहे?

न्यायालयात जाऊन सुटेल असा हा प्रश्न नाही. लुटीला बंदी घालणारा हेगचा करार १८९९ चा, म्हणजे दोन वर्षं उशिराचा. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा १९७० चा करार मागील काळाला लागू होत नाही. ब्रिटनने तो २००२ मध्ये स्वीकारला. शिवाय बहुतेक देशांत दिवाणी दाव्यांना मुदत असते आणि ती कधीच उलटून गेली आहे. आजवर जे परत आलं ते धोरण, नैतिक निर्णय आणि सरकारी करार यांमुळे.

मग ब्रिटिश म्युझियम देत का नाही?

त्यांच्याकडे बेनिनच्या ९०० हून अधिक वस्तू आहेत. १९६३ चा ब्रिटिश म्युझियम कायदा विश्वस्तांना, दुसरी प्रत असणं किंवा वस्तू ठेवण्याजोगी नसणं असे मोजके अपवाद सोडले तर, संग्रहातलं काही काढून देऊ देत नाही. अडथळा खरा आहे, पण संसदेने घातलेला आहे. संसद तो काढू शकते.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला १९८३ चा असाच कायदा लागू आहे. वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली ती तीन वर्षांच्या उसनवारीवर, ती याच कायद्यामुळे. शिवाजी महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच, याची खातरजमा करता येत नाही असं ते संग्रहालय स्वतः सांगतं, हा वेगळा विषय. पण उसनवारीचा करार करताना घेणारा देणाऱ्याची मालकी मान्य करत असतो, आणि म्हणूनच बेनिनला हा मार्ग फारसा रुचत नाही.

ज्यांना हा कायदा लागू नाही त्यांचा रस्ता सोपा आहे. इंग्लंडमधली विश्वस्त संस्था असेल तर विश्वस्त मंडळाचा ठराव, मग धर्मादाय आयोगाची संमती, मग मालकी हस्तांतराचा करार.

आजवर कोणी काय परत केलं?

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंब्रिजच्या जीझस कॉलेजने पितळी कोंबडा दिला, दुसऱ्याच दिवशी अॅबर्डीन विद्यापीठाने ओबाचं मस्तक. २०२२ मध्ये लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने ७२ वस्तूंची मालकी सोडली, अमेरिकेच्या स्मिथसोनियनने २९ वस्तूंची. नेदरलँड्सने २०२५ मध्ये ११९ वस्तू दिल्या.

सर्वांत मोठा करार जर्मनीचा. १ जुलै २०२२ च्या संयुक्त घोषणेने हजाराहून अधिक वस्तूंच्या मालकीचा रस्ता खुला झाला. एकट्या बर्लिनच्या ५१२ वस्तू त्यात आहेत. डिसेंबरमध्ये नायजेरियाची राजधानी अबुजाला प्रत्यक्ष पोचल्या त्या मात्र वीसेक. बर्लिनच्या सुमारे एक तृतीयांश वस्तू दहा वर्षांसाठी उसन्या म्हणून तिथेच आहेत, पण आता मालक नायजेरिया. दिसायला तीच काचपेटी, तोच दिवा, फक्त मालक बदललेला.

परत म्हणजे कोणाला? ओबाला, सरकारला की संग्रहालयाला?

सध्याचा सर्वांत अवघड प्रश्न हाच. तीन पक्ष आहेत. नायजेरियाचा राष्ट्रीय संग्रहालये आणि स्मारके आयोग, जो देशाच्या वतीने करार करतो. ओबा एवुआरे दुसरा आणि राजदरबार. त्यांचं म्हणणं, वस्तू राजवाड्यातून गेल्या, राजवाड्यातच याव्यात. आणि बेनिन सिटीत उभं राहिलेलं पश्चिम आफ्रिकी कलेचं नवं संग्रहालय, ज्याला परदेशी देणग्या मिळाल्या.

मार्च २०२३ मध्ये मावळते राष्ट्राध्यक्ष बुहारी यांनी अधिसूचना काढून परत येणाऱ्या वस्तूंचा मालक आणि राखणदार ओबा असल्याचं जाहीर केलं. युरोपात खळबळ उडाली. केंब्रिज विद्यापीठाने ११६ वस्तूंच्या हस्तांतराचा मे महिन्यातला समारंभ पुढे ढकलला. पुढे आयोग आणि राजदरबार यांच्यात समझोता झाला: मालकी ओबाची, देखभाल आयोगाची. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या संग्रहालयाच्या उद्घाटनाआधी ओबा-समर्थक निदर्शक आवारात घुसले आणि कार्यक्रम थांबवावा लागला. आपल्याकडे बेनिनचं लुटलेलं एकही शिल्प नाही, असं त्या संग्रहालयाने सांगितलं.

‘त्यांच्यातच एकमत नाही, मग आपण कशाला द्यावं?’ हे यावर ऐकू येतं. वारसांत भांडण आहे म्हणून घर तिसऱ्याचं होत नाही. पण देणाऱ्यांनी करारात वस्तू कोण सांभाळणार, लोकांना पाहता येणार का, हे स्पष्ट विचारणंही गैर नाही.

गुलामांच्या वंशजांचा दावा काय आहे?

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने स्मिथसोनियनच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. हे पितळ आमच्या पूर्वजांना विकून मिळालं, म्हणून आम्हीही सहमालक आहोत, असा त्यांचा मुद्दा होता. न्यायालयाने तो दावा फेटाळला. बेनिनच्या राजांनी युद्धकैदी विकले ही वस्तुस्थिती मात्र त्यामुळे पुसली जात नाही, आणि परत आलेल्या वस्तूंच्या पाटीवर ती लिहिलेली असावी असं आम्हाला वाटतं. नरबळीच्या प्रथेचंही तसंच: ती होती, ब्रिटिश वृत्तपत्रांनी ती स्वारीच्या समर्थनासाठी फुगवली, आणि दोन्ही गोष्टींचा मालकीशी संबंध नाही.

तिथे वस्तू सुरक्षित राहतील का?

काळजी निराधार नाही. १९९० च्या दशकात नायजेरियातल्याच इफे शहराच्या संग्रहालयातून शिल्पं चोरीला गेली. १९७३ मध्ये राष्ट्रप्रमुख गोवोन यांनी लागोसच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं एक मस्तक प्रतिकृती समजून राणी एलिझाबेथला भेट दिलं. ते खरं आणि सतराव्या शतकातलं होतं, हे २००२ मध्ये लक्षात आलं. तर ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमने कबूल केलं की त्यांच्या भांडारातल्या सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा खराब केलेल्या आहेत. सुरक्षितता हा नोंदवह्या, कुलपं आणि पगार यांचा प्रश्न आहे. तो सोडवण्याची अट मालकीला लावली तर मालकी कधीच मिळणार नाही.

घरात किंवा दुकानात ‘बेनिन’ मस्तक आहे. अस्सल कसं ओळखायचं?

बहुतेक वेळा ते विसाव्या शतकातलं असतं. आधी कागद पाहा: १८९७ नंतरच्या लिलावाच्या याद्या, जुन्या चिठ्ठ्या, शाईने लिहिलेले क्रमांक. हिरवट गंज पुरावा नाही. आम्ल लावून तो आठवड्यात आणता येतो. क्ष-किरण प्रतिदीप्तीने धातूचं मिश्रण कळतं. जुन्या पद्धतीच्या पितळेत जस्त साधारण ३० टक्क्यांच्या वर जात नसे, त्यामुळे ३५ टक्के जस्त निघालं तर वस्तू बहुधा अलीकडची. आत गाभ्याची माती उरली असेल तर तापदीप्ती चाचणीने ती शेवटची केव्हा तापली ते कळतं. धोका इथेच आहे: १८९७ च्या आगीत भाजलेली जुनी वस्तू १८९७ ची तारीख दाखवू शकते.

अस्सल असण्याची शक्यता दिसली तर घासूनपुसून चकचकीत करू नका, चिठ्ठ्या काढू नका, सर्व बाजूंनी फोटो घ्या, ‘डिजिटल बेनिन’मधल्या मिळत्याजुळत्या वस्तूंशी ताडून पाहा आणि नायजेरियाच्या आयोगाला लिहा. २०१४ मध्ये मोहिमेतल्या एका अधिकाऱ्याच्या नातवाने दोन वस्तू थेट ओबाला नेऊन दिल्या. खासगी मालकाला संसदेची परवानगी लागत नाही.

इगुन रस्त्यावरून नवं शिल्प विकत आणता येतं का?

हो, आणि आणावं. विक्रेत्याकडून नव्या कामाची पावती घ्या आणि निघण्यापूर्वी आयोगाचा निर्यात-दाखला काढा. नव्या वस्तूसाठीही तो विमानतळावर मागितला जातो. आजचे ओतारी जुने नळ, यंत्रांचे सुटे भाग अशी मोड वितळवतात. हस्तिदंत मात्र कोणत्याही वयाचा असो, घेऊ नका. भारतात आणताना तो जप्त होईल.

लुटलेली वस्तू लिलावात आली तर सरकारने विकत घ्यावी का?

महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून ४७.१५ लाख रुपयांना घेतली. वस्तू लगेच हाती येते, वाद लागत नाही. पण पैसे दिले की विकणाऱ्याचा हक्क मान्य केल्यासारखं होतं आणि पुढच्या वस्तूचा भाव चढतो. इडियाचा एक मुखवटा फेब्रुवारी २०११ मध्ये सदबीज या लिलावसंस्थेकडे ३५ ते ४५ लाख पौंडांच्या अंदाजाने विक्रीला येणार होता. नायजेरियन लोकांनी जगभर निषेध केला आणि डिसेंबर २०१० मध्येच विक्री मागे घेतली गेली. मात्र मुखवटा परत आला नाही; तो मालकांकडेच राहिला.

संग्रहालयातली पाटी कशी वाचावी?

‘१८९८ मध्ये खरेदी’ किंवा ‘अमुक यांची देणगी’ एवढंच असेल तर आधीचं एक वर्ष गाळलेलं आहे. चांगल्या पाटीवर चार गोष्टी असतात: १८९७ ची मोहीम, वस्तू तिथून नेणाऱ्याचं नाव, मधले विक्रेते, आणि आजचा मालक. ‘नायजेरियाच्या आयोगाकडून उसनी’ असं दिसलं तर मालकी बदललेली आहे. काहीच नसेल तर संग्रह-क्रमांक टिपून घ्या आणि संस्थेला लेखी विचारा. क्रमांकाशिवाय विचारलेल्या पत्राला सहसा छापील उत्तर येतं.